पानं सुरकुतली म्हणून पाणी वाढवलं आणि तेच नडलं : आमच्या घरातल्या एका ऑर्किडची अडीच वर्षं

जानेवारी २०२३ मधे आमची वास्तुशांत झाली तेव्हा नवऱ्याच्या ऑफिसातल्या मंडळींनी एक ऑर्किड भेट दिलं. पांढरं, फॅलेनॉप्सिस या प्रकारचं, फुलांचे दोन दांडे, मोजून अकरा फुलं उमललेली आणि टोकाला चार कळ्या. खाली चकचकीत सिरॅमिकची कुंडी आणि वर मातीच्या जागी मॉस म्हणजे वाळकं शेवाळ पसरलेलं. मी ते हॉलमधल्या टीपॉयवर ठेवलं आणि पुढचे दोन-अडीच महिने काहीही न करता ते फुललेलंच राहिलं, आलेला प्रत्येक पाहुणा हात लावून खरं आहे का प्लॅस्टिकचं ते बघायचा. मार्चअखेरीस शेवटचं फूल गळलं. इथपर्यंत सगळं छान आणि इथूनच पुढची गोष्ट. हे झाड जवळजवळ मेलं होतं, मग जगलं, मग पुन्हा अडकलं आणि शेवटी घरातच फुललं, त्यात काय चुकलं आणि का चुकलं ते सगळं नीट लिहून काढायचं होतं कारण असं भेट आलेलं ऑर्किड पहिल्या पावसाळ्यात गेलं असं मी इतक्या जणींकडून ऐकलंय.

आम्ही पुण्यात धायरीला राहतो, पाचवा मजला, पाणी बहुतेक टँकरचं. हॉलला पश्चिमेची बाल्कनी आणि बेडरूमला पूर्वेची खिडकी. सासूबाई आमच्याकडेच असतात, सकाळी अंघोळ झाली की तुळशीला पाणी घालतात आणि तांब्यात उरलेलं पाणी या ऑर्किडला. रोज. फुलं होती तोवर झाडाने ते सहन केलं. एप्रिल-मेमधे पुण्यात पारा चाळिशीला टेकला आणि खालची दोन पानं मलूल पडली, मग वरचीही, पान हातात धरलं तर चामड्यासारखं लिबलिबीत आणि लांबीच्या दिशेने सुरकुत्या. आई म्हणाल्या, "अगं, तहानलंय बिचारं, एवढ्याशा पाण्याने काय होतंय त्याचं." मलाही तेच वाटलं. सकाळी एक तांब्या होता तो सकाळ-संध्याकाळ झाला.

जूनमधे पाऊस सुरू झाला आणि आठवड्याभरात खालचं पान पिवळं होऊन गळलं, पाच दिवसांत दुसरं. कुंडीजवळ गेलं की फुलदाणीतलं पाणी बदललं नाही तर येतो तसा कुबट वास यायला लागला. तेव्हा कुठे मी झाड उचलून बाहेर काढलं.

आता जे दिसलं ते सांगते कारण सगळं प्रकरण त्यातच आहे. सिरॅमिकच्या कुंडीला खाली भोकच नव्हतं. आत एक पारदर्शक प्लॅस्टिकची कुंडी होती, तिला भोकं होती, पण ती दोन बोटं पाण्यात उभी. त्या पारदर्शक कुंडीत मॉस इतकं घट्ट दाबून भरलेलं की बोट घुसत नव्हतं, आणि अगदी मधोमध, खोडाच्या खाली, एक छोटी जाळीची वाटी, झाड लहान रोप असताना ज्यात वाढवलं होतं ती, तशीच ठेवलेली. त्या वाटीतलं मॉस काळं पडून चिखल झालेलं. मुळं पंधरा होती. बहुतेक चिमटीत धरली तर वरची साल मोज्यासारखी निघून यायची आणि आत नुसता दोरा राहायचा. धड मुळं तीन, दोन कुंडीच्या कडेला चिकटून वाढलेली आणि एक चक्क बाहेर हवेत लोंबणारं.

ते बाहेरचं मूळ मी महिनाभर बघत होते. जाडजूड, चांदीसारखं पांढरं, टोक हिरवं. म्हणजे ज्या मुळाला कोणी पाणी घालत नव्हतं ते ठणठणीत आणि ज्यांना दोन वेळा तांब्याभर मिळत होतं ती कुजलेली, आणि हे डोळ्यासमोर असून मला वाचता आलं नाही.

माझं माहेर चिपळूणजवळ. घरामागे जुना आंबा आहे, त्याच्या खोडावर सीतेची वेणी आहे, मे-जूनच्या सुमारास तिचे गुलाबी-पांढरे तुरे लोंबतात. लहानपणापासून बघतेय. गावात कोणी त्याला बांडगूळ म्हणतं पण ते बांडगूळ नव्हे, ही आमरी, म्हणजे ऑर्किडच, झाडाचं काही खात नाही, फक्त त्याच्या अंगाखांद्यावर बसते. तिची मुळं खोडावर उघडी पसरलेली असतात, पावसाची सर आली की हिरवीगार भिजतात आणि वारा लागला की थोड्या वेळात पुन्हा पांढरी. माती नाहीच. फॅलेनॉप्सिसचंही तसंच, ते फिलिपिन्स, इंडोनेशिया, मलेशिया या बाजूच्या जंगलांतलं झाडावर राहणारं आमरीचं कुळ. ब्लूम नावाच्या शास्त्रज्ञाने १८२५ मधे त्याला हे नाव दिलं, अर्थ पतंगासारखं दिसणारं, म्हणून इंग्रजीत मॉथ ऑर्किड. या मुळांवर स्पंजासारखं एक जाड आवरण असतं, मेलेल्या पेशींचं, ते पाणी झटकन शोषतं आणि तितक्याच झटकन कोरडं व्हायला हवं. कोरडं असताना ते चंदेरी दिसतं, ओलं झालं की पारदर्शक होऊन आतला हिरवा रंग दिसतो. ते सतत ओलं राहिलं तर आतल्या जिवंत गाभ्याला हवा मिळत नाही, मूळ गुदमरतं आणि मग बुरशी घुसते.

आणि मूळ मेलं की पाणी वर चढत नाही. म्हणून पानं सुरकुततात. हा सगळ्यात फसवा भाग आहे, तहानलेल्या झाडाची पानं आणि मुळं कुजलेल्या झाडाची पानं सारखीच दिसतात. पानाकडे बघून निर्णय घेतला तर हमखास उलटा घेतला जातो. मूळच बघावं लागतं. त्यात फॅलेनॉप्सिसला डेंड्रोबियम नावाच्या दुसऱ्या ऑर्किडसारखी पाणी साठवणारी जाड खोडं नसतात, त्याचा सगळा साठा पानांत, तो महिना-दीड महिना पुरतो आणि मग खालून एकेक पान सोडत जातं. आमच्याकडे नेमकं तेच चाललं होतं.

जवळच्या नर्सरीत झाड दाखवलं तर तिथल्या दादाने सांगितलं मोठ्या कुंडीत लावा, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि शेणखत घाला, जोर धरेल. मोगऱ्याला हा सल्ला ठीक होता. तीन मुळांच्या झाडाला मोठी कुंडी म्हणजे सुकायला आठवडा घेणारा ओला ढीग, आणि कोकोपीट तर भिजलं की घट्ट बसतं. मी ते केलं नाही आणि आज मला वाटतं की झाड वाचलं त्यात या एका नकाराचा वाटा मोठा आहे.

केलं ते असं. कात्री गॅसच्या ज्योतीवर धरून गार केली, कुजलेलं सगळं कापलं, मधली जाळीची वाटी कापून काढली, मॉसचा कण न् कण नळाखाली धुतला. खोडाच्या तळाला एक काळा डाग होता तोही धड हिरवं लागेपर्यंत खरवडला आणि तिथे दालचिनीची पूड लावली. पूड मुळांना अजिबात लागू दिली नाही, ती ओलावा ओढून घेते आणि चांगलं मूळही वाळवते. मग झाड पूर्ण एक दिवस पेपरवर तसंच उघडं ठेवलं. आईंना ते बघवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मिठाईचा अर्ध्या किलोचा पारदर्शक डबा घेतला, तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने तळाला आणि बाजूंना वीसएक भोकं पाडली, त्यात लाकडी कोळशाचे आणि विटेचे सुपारीएवढे तुकडे भरले, दोन दिवस पाण्यात भिजवून धुतलेले, आणि झाड वर नुसतं बसवून सुतळीने डब्याला बांधलं म्हणजे हलणार नाही. पारदर्शक डब्याचा फायदा एवढाच की मुळं दिसतात, आणि मला आता मुळं दिसल्याशिवाय काही करायचंच नव्हतं.

जागा बदलली, हॉलमधून बेडरूमच्या पूर्वेच्या खिडकीत, सकाळचं नऊ-साडेनऊपर्यंतचं कोवळं ऊन. पाणी घालायचं ते डबा बेसिनमधे धरून भरपूर ओतायचं, सगळं निथळून जाऊ द्यायचं आणि पुन्हा तेव्हाच जेव्हा मुळं पांढरी दिसतील आणि डबा हाताला हलका लागेल. पावसाळ्यात हे चार-पाच दिवसांनी यायचं. पानांच्या मधल्या बेचक्यात पाणी राहिलं तर टिश्यूचं टोक बुडवून टिपून घ्यायचं, कारण जंगलात हे झाड खोडावर तिरकं लोंबतं आणि बेचक्यातलं पाणी आपोआप गळून जातं, आपण त्याला उभं बसवतो आणि मग तिथे पाणी साचून कोंबच सडतो. मुळं पुन्हा येतात पण कोंब सडला की बहुतेक वेळा खेळ संपला.

जुलै गेला, काही नाही. चारही पानं तशीच लोळलेली. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात खालच्या पानाच्या बगलेतून हिरवा ठिपका फुटला, मला वाटलं कीड आहे, चार दिवसांनी ते मूळ निघालं. मग एकापाठोपाठ पाच. पुण्याच्या पावसाळ्यातल्या हवेचा हा मोठा आशीर्वाद आहे, हवेतच इतका ओलावा की झाडाला पिशवीत वगैरे घालायची गरज पडली नाही. हेच एप्रिलमधे उघडकीला आलं असतं तर बहुधा गेलंच असतं. सप्टेंबरअखेर नवं पान दिसलं. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं), लिटरला अर्धा ग्रॅम, आधी साध्या पाण्याने मुळं भिजवून मगच.

मग दुसरा घोळ. दिवाळीच्या आधी घरात नवा आरओ बसवला, त्याचं बाहेर टाकलं जाणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून बादलीत धरून झाडांना घालायला लागलो. टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या घरात पाणी ओतून देणं जिवावर येतं, तो हेतू मला आजही बरोबरच वाटतो. पण नोव्हेंबरमधे नव्या मुळांची हिरवी टोकं एकेक करून तपकिरी पडून थांबली आणि डब्याच्या आतून आणि कोळशावर पांढरी खर जमली. कूज नव्हती, मूळ घट्ट होतं, नुसतं टोक जळलेलं. ऑनलाइन एक टीडीएस मीटर मागवला, पाण्यात किती क्षार विरघळलेत ते पीपीएममधे, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, असं दाखवणारा. टँकरचं पाणी ४१०, आरओचं प्यायचं पाणी ४५, आणि ते बादलीतलं ७८०. बरोबरच आहे, गाळणीने जे क्षार आपल्या पिण्यातून काढले ते सगळे त्या बादलीत. जास्वंद किंवा कढीपत्त्याला मातीचा आधार असतो, उघड्या मुळांच्या ऑर्किडला तो नाही, आणि कोळसा-वीट तर क्षार धरूनच ठेवतात. ते पाणी आता फरशी पुसायला आणि बाथरूमला जातं. ऑर्किडला पावसाळ्यात गच्चीवर धरलेलं पावसाचं पाणी, ते संपलं की आरओचं पिण्याचं पाणी, आणि महिन्यातून एकदा खताशिवाय नुसत्या पाण्याने दोन-तीनदा धुणं. टोकं जळलेली ती जळलेलीच राहिली पण त्याच मुळांना बाजूने फाटे फुटले.

थंडी आली. फॅलेनॉप्सिसला फुलायला काही आठवडे जरा थंडावा लागतो, साधारण २५-२६ अंशांच्या आत, २८ च्या वर सतत राहिलं तर ते नुसती पानं काढत बसतं. म्हणूनच पुण्यात हे जमून जातं, आणि किनाऱ्यावरच्या उबदार हिवाळ्यात जड जातं. माझी मुंबईची बहीण हीच तक्रार करते, पानं काय सुंदर पण दांडाच येत नाही. डिसेंबरमधे मी खिडकी रात्री थोडी उघडी ठेवायला लागले, पारा दहाच्या खाली जाईल असं वाटलं त्या रात्री बंद. जानेवारी २०२४ च्या मध्याला पानाच्या बगलेतून काहीतरी आलं. मूळ असेल तर टोक गोल आणि गुळगुळीत, दांडा असेल तर टोक चपटं, एका बाजूला दुमडलेलं, मिटलेल्या मुठीसारखं. हा दांडा होता.

इथे मी थांबून विचार केला. जाणकारांचा सल्ला असा की अशक्त झाडाचा दांडा कापावा, सगळी ताकद मुळा-पानांत जाऊ द्यावी. झाडाला पाच पानं आणि आठ मुळं होती. मी कापला नाही. आईंनी इतके महिने त्याच्याजवळ उभं राहून वाट बघितली होती, मला तो कापवलाच नाही. पण कोणाच्या झाडाला दोन-तीनच मुळं असतील तर मी नक्की सांगेन कापा.

मार्चअखेर सात कळ्या मण्यांएवढ्या झाल्या. गुढीपाडव्याला घर आवरलं तेव्हा सगळ्यांना दिसावं म्हणून झाड पुन्हा हॉलमधे आणलं, बाल्कनीपासून लांब, ऊन न येणाऱ्या कोपऱ्यात. त्याच आठवड्यात माहेरून हापूसची पेटी आली, चार डझन, आणि आम्ही त्याच कोपऱ्यात पेंढा पसरून आढी लावली. दार-खिडक्या दुपारभर बंद कारण बाहेर ऊन. पाचव्या दिवशी घरभर आंब्याचा घमघमाट, आणि त्याच दिवशी पहिली कळी पिवळी पडून गळली. चार दिवसांत पाच कळ्या गेल्या, देठाशी हात लावला की टपकन हातात.

आधी पाण्यावर संशय, कारण आमचा इतिहासच तसा. मुळं बघितली, चांदीसारखी, धड. क्षार, मीटर लावून बघितला, ठीक. उन्हाचा तडाखा म्हणावं तर पानं टणक आणि हॉल बेडरूमपेक्षा काही फार गरम नव्हता. बदललं होतं ते दोनच, जागा आणि शेजारची आढी. पिकताना आंब्यातून इथिलीन वायू सुटतो, आढीत आंबे एकमेकांना पिकवतात ते त्यानेच, व्यापारी आंबे पिकवायच्या खोल्यांत हाच वायू सोडतात आणि अन्नसुरक्षेच्या नियमात त्याला १०० पीपीएमपर्यंत परवानगी आहे. फळाला जो पिकायचा निरोप, तोच ऑर्किडच्या कळीला गळून पडायचा. फॅलेनॉप्सिसच्या कळ्या त्याबाबत फारच नाजूक. झाड लगेच बेडरूममधे नेलं, दार लावलं. उरलेल्या दोन कळ्या टोकाच्या, सगळ्यात लहान, त्या राहिल्या आणि एप्रिलच्या शेवटी उमलल्या. दोनच फुलं, पण सहा आठवडे टिकली. माझ्या मते आंबाच कारण, कारण आढीपासून दूर नेल्यावर एकही कळी गळली नाही, पण त्यात जागाही बदलली होती, त्यामुळे अगदी खात्रीने सांगत नाही. केळी, पेरू, पपई सगळ्यांचं हेच, फळांची टोपली आणि कळ्या आलेलं ऑर्किड एका टेबलावर नको.

त्या पावसाळ्यात झाड खऱ्या अर्थाने सावरलं. दोन नवी पानं, आधीच्यापेक्षा रुंद. मिलीबग म्हणजे पिठ्या ढेकूण आला, पानाच्या खालच्या बाजूला शिरेलगत पांढरा कापूस, तो कानकोरणीचा बोळा स्पिरिटमधे बुडवून एकेक पुसला, दर आठवड्याला, महिनाभर. एकदाच पुसून थांबलं तर अंड्यांतून पुन्हा येतो.

डिसेंबर २०२४ मधे दांडा निघाला, यावेळी जरा लवकर. बेडरूमची खिडकी सोडली नाही. दांडा प्रकाशाकडे झुकतो म्हणून एकदा काडीला बांधल्यावर डबा अजिबात फिरवला नाही, फिरवला की कळ्या वेड्यावाकड्या वळतात. मार्च २०२५ मधे पहिलं फूल उमललं, मग एकूण नऊ, शेवटचं मे संपताना गळलं. पेटी त्या वर्षीही आली, आढी बाल्कनीत लावली.

फुलं गेल्यावर जूनच्या पहिल्या रविवारी डबा बदलला. कोळशाच्या काही तुकड्यांवर पुन्हा खर दिसायला लागली होती. मुळं मोजली, एकवीस, त्यात २०२३ ची ती तिन्ही अजून जिवंत, बाहेर लोंबणारं तर हातभर लांब. दोन काळी होती ती कापली. नवा डबा एकच नंबर मोठा घेतला, आणि यावेळी नारळाच्या सोडणाचे तुकडेही थोडे घातले, तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवलेले कारण सोडणात मीठ असतं. आई आता सकाळी तुळशीला पाणी घालून आल्या की आधी डबा उचलून बघतात, जड लागला तर तसाच ठेवतात आणि मला आत येऊन सांगतात, "आज नको गं, परवा बघू."